पयले मी, मंग पंगत

पत्रावळी मांडून झाल्या, माणसं मांडी घालून बसली, की आचारी वरणाच्या मोठ्या गंजाजवळून उठायचा. बट्टी कुस्करायची, तिच्यावर वरण, कडेला वांग्याची भाजी, आणि पंगतीच्या मधोमध उभं राहून सगळ्यांदेखत पहिला घास स्वतःच्या तोंडात घालायचा. गिळून झालं की मोठ्यानं म्हणायचा, "पयले मी, मंग पंगत!" मगच वाढपी जागचे हलायचे. जेवणात काही वाईट निघालं तर आधी आपण मरावं, असं त्याचं म्हणणं.

तुम्ही आमच्या भागात कुठं लग्नाला, तेरवीला जेवला असाल तर त्याला पाहिलंच असेल. उंच, काळा, भुवया चुलीच्या जाळानं करपलेल्या. माझं शेलूबाजारला बिछायतीचं दुकान आहे. मंडप, सतरंज्या, गंज, कढया भाड्यानं देतो. हा आचारी कायम माझीच भांडी न्यायचा आणि लख्ख घासून, उन्हात वाळवून परत आणायचा. मी तोंडाचा फटकळ माणूस. कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. पण अशी भांडी परत करणारा दुसरा आचारी मी पाहिला नाही, हे खरं.

त्याचं एकच दुखणं होतं, वरण. डाळ महाग झालेली, त्यामुळे जो तो यजमान त्याच्या कानाशी लागायचा, अजून दोन बादल्या पाणी सोड. सोडायचा बिचारा, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन धुसफुसायचा.

"भाऊ, वरन हाय का हे? हात धुवाचं पानी हाय! लेकरायच्या अंगात ताकद येईन कुठून?"

अशातच एका संस्थेची माणसं आली. रातकिडे पाळायचे, वाळवायचे, दळायचे. हे पीठ डाळीपेक्षा ताकदीचं, किडे पाळायला पाणी कमी लागतं, जागाही कमी लागते, असं ती सांगत होती. रांधून दाखवायला आमच्याकडं कोण तयार होणार? हा झाला.

"लहानपनी वारुयातले पंखवाले किडे माय तव्यावर भाजून द्याची," मला म्हणाला. "शेंगदान्यावानी लागत. मले कायची शिसारी?"

"अरे बाबा, तू खाशील. लोक खातील का?"

"लोकं झिंगे खातेत ना? त्याईले काय पाय नाईत?"

आसेगावकडच्या त्याच्या गावात, शाळेच्या पटांगणात, त्यानं त्या पिठाची शेव काढली. कढई माझीच होती. संस्थेची बाई त्याला हळूच म्हणाली, "आधी खाऊ द्या. आवडली की मग सांगू." याचं डोकं फिरलं.

"नाई बाई. मी न सांगता कोनाच्या पानात मीठबी टाकत नाई."

उभा राहिला आणि सांगून टाकलं, बेसनात रातकिड्यायचं पीठ हाय. मूठभर शेव तोंडात टाकली, चावली, गिळली. "पयले मी, मंग पंगत!"

पंगत उठली. बायांनी नाकाला पदर लावले. पोरं फोनवर त्याचं खाणं टिपत होती. शेव एकानंही तोंडात घातली नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कारण थोड्याच दिवसांत ज्याला त्याला जुनं जुनं आठवायला लागलं. कुणाला मुलीच्या लग्नातल्या भाजीत काहीतरी कुरकुरीत लागलं होतं. कुणाला बारशाचं जेवून रात्रभर मळमळलं होतं. "अरे बैलोबा, ते तीळ होते!" मी दुकानातून ओरडायचो. कोण ऐकतो? ज्यानं सांगून खाल्लं, त्यानं न सांगता किती खाऊ घातलं असेल, असा लोकांचा न्याय. लग्नं दुसऱ्या आचाऱ्याकडं गेली. हा बाजारात दिसला की पोरं मागून किर्र किर्र करायची. माझी गिऱ्हाइकंही कढई उलटीपालटी करून विचारायला लागली, "त्याच्या हातची नाई ना?"

तो दुकानात येऊन बसायचा. एकदा म्हणाला, "भाऊ, शेव नाई आवडली तं नका खाऊ. पन माह्या हातचं वरन काहून नाई खात?"



मग त्याची बायको वारली. तेरवीला मंगरूळपीरचा आचारी आणून देतो, लोक मुकाट जेवतील, असं मी म्हटलं. तर माझ्यावरच भडकला.

"तिच्या पंगतीले दुसऱ्याचा हात? जलमभर तिनं माहा मसाला वाटला. तेरवीच्या पानाले कोनी नाई म्हनत नाई, भाऊ. आज गाव जेवते. पाह्यजा तुमी."

एकदा गाव आपल्या हातचं जेवलं की झालं गेलं मिटेल, याच आशेवर तो होता. वरण त्यानं असं घट्ट केलं की पळी उभी राहावी.

गाव आलं, बसलंही. त्यानं मधोमध उभं राहून घास घेतला. गिळला. मग वाढप्यांना हातानंच खूण केली.

लोकांनी पानाला नमस्कार केला. एकाला उपास होता, एकाचं पोट बिघडलं होतं, एकाला जीप गाठायची होती. एकेक करत सगळे उठले. वाढलेली पानं तशीच राहिली. मी एकटा बसून होतो. तो गंज घेऊन माझ्यासमोर बसला आणि वाढतच राहिला.

"घ्या भाऊ, अजून घ्या. वरन घट्ट हाय ना?"

मी जेवत होतो आणि रडत होतो. तसलं वरण मी जन्मात खाल्लं नव्हतं.

त्यानंतर तो कुठं रांधायला गेला नाही. घरी तरी चूल पेटवायचा की नाही, देव जाणे. यंदाच्या उन्हाळ्यात तोही गेला.

तेरवी पुण्याला कामाला असलेल्या त्याच्या मुलानं केली. आचारी बाहेरचा, भांडी माझी. सगळं गाव आलं. पानं वाढून झाली तरी कुणी हात लावेना. शेजारच्या म्हाताऱ्यानं, ज्याच्या घरचं एकूणएक कार्य यानं रांधलं होतं, वाकून मला विचारलं, "भाऊ, गंज नवे हायेत ना?"

असा संताप आला!  उठलो. बट्टी कुस्करली, तिच्यावर वरण ओतलं, पंगतीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत पहिला घास घेतला. त्याचे ते शब्द मात्र माझ्यानं म्हणवले नाहीत.

मग पंगत जेवली. मागून मागून जेवली. वरण म्हणजे नुसतं हात धुवायचं पाणी होतं.