रफीकच्या वाट्याच्या खुंट्या

युनूसभाई स्वतः स्कूटर घेऊन टेमघरला आमच्या घरी आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एरवी काही निरोप असला की ते आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचे. भुरभुर पाऊस चालू होता. मी नुकताच ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होतो. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, शर्टाच्या टोकाने चष्म्याच्या काचा पुसत राहिले, आणि म्हणाले, "भास्कर, रफीक गेला. असरच्या नमाजनंतर नेतोय." ... माझी बायको सुमन आतून आली. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. धाकटा भाऊ गेलेला तो माणूस आमच्या घरात बसून शांतपणे पाणी प्यायला आणि जाताना मलाच म्हणाला, "सांभाळून ये. रस्त्यात चिखल आहे."

संध्याकाळी मी जनाज्याला खांदा दिला. गर्दी एवढी होती की माणसं भराभर पुढे येत होती, खांदे बदलत होते. माझ्या खांद्याला वजन असं लागलंच नाही. शेवटच्या वर्षात तो फारच बारीक झाला होता. कबरस्तानातून परत येताना विलास, आमचा तिसरा मित्र, माझ्या बाजूने चालत होता. या गोष्टीला आता सहा महिने होत आले. तेव्हा लिहायला बसलो होतो, जमलं नाही. आता लिहितो आहे, कारण मध्यंतरी एक गोष्ट घडली, ती सांगायची आहे.

रफीक, विलास आणि मी भिवंडीत एकाच शाळेत शिकलो. रफीकच्या घरचा लूमचा कारखाना होता, खाली लूम आणि वर घर. विलासच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. माझे वडील नगरपालिकेत नोकरीला होते. शाळा सुटल्यावरही आम्ही सुटलो नाही. मी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागलो, विलास वडिलांच्या दुकानात बसू लागला, रफीक कारखान्यात जाऊ लागला, आणि सुट्टी जुळली की आम्ही तिघं डोंगरावर जायचो. कधी गुमतारा, बहुतेक वेळा माहुली. पहाटेची एसटी धरून शहापूर, तिथून पुढे मिळेल ते वाहन. रफीक सगळ्यात पुढे असायचा. आम्ही धापा टाकत पोचायचो तेव्हा तो वर दगडावर बसून शेंगा खात असायचा.

मग त्याला टीबी झाला. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. औषधं चालली, मुंबईच्या दवाखान्यात राहणं झालं, आणि शेवटी एका बाजूच्या फुप्फुसाचा मोठा भाग काढावा लागला. तो घरी आला तेव्हा मी भेटायला गेलो. डॉक्टरांनी काय सांगितलं, असं विचारलं, तर म्हणाला, "लूममध्ये बसायचं नाही, कापसाची धूळ नको. पळायचं नाही. वजन उचलायचं नाही." मग म्हणाला, "डोंगराचं मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

वर्ष-दोन वर्षं आम्हीही डोंगराचा विषय काढला नाही. शेवटी त्यानेच काढला. त्याचा हिशोब साधा होता. एका दिवसात वर जाऊन खाली येणं आता त्याला जमणार नव्हतं. पण माहुलीच्या वाटेवर अर्ध्या चढणीनंतर सोंडेवर एक सपाट जागा आहे, तिथे मुक्काम केला तर जमेल. दमादमाने चढायचं, तिथे राहायचं, दुसऱ्या दिवशी बघू. मुक्काम म्हणजे तंबू आला. त्या काळी आमच्यातल्या कुणाकडे तंबू नव्हता, डोंगरात जाणारी बाकीची मंडळी गुहेत नाहीतर देवळात झोपायची. मांडव घालणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून आम्ही ताडपत्री, बांबू आणि लोखंडी मेखा आणल्या. त्या मेखा लग्नाचा मांडव धरून ठेवणाऱ्या, मनगटाएवढ्या. विलासने आणि मी सगळं वाटून घेतलं. रफीकच्या हातात पाण्याची बाटली दिली.

त्या पहिल्या खेपेला आम्ही सपाटीवर पोचलो खरे, पण मी आणि विलास इतके थकलो की तंबू ठोकताना चिडचिड करत होतो. रफीक एका बाजूला बसून बघत होता. परत येताना एसटीत तो म्हणाला, "माझ्यामुळे तुम्हाला हमाली पडते." विलास म्हणाला, "असं काही नाही." रफीक म्हणाला, "आहे. मी आंधळा नाही झालो. पुढच्या वेळी माझ्या वाट्याचं मी उचलणार. मला उचलता येईल एवढं हलकं करायचं, बस."

आणि तो त्या कामामागे लागला. कारखान्यात विणलेलं पातळ नायलॉन घेऊन आला, विलासच्या वडिलांनी ते शिवून दिलं. त्यांनी आयुष्यात तंबू शिवला नव्हता. "याची बाही कुठे येते ते सांग," असं ते रफीकला विचारायचे. ताडपत्रीच्या जागी आता पिशवीत मावेल असं कापड आलं. बांबूऐवजी बारीक नळ्या आल्या. राहिल्या मेखा. कापड हलकं झाल्यावर त्यांचं वजन जास्तच डोळ्यांत यायला लागलं, आणि रफीकने ठरवलं की याच आपल्या वाट्याच्या. खुंट्या तो उचलणार, त्याच ठोकणार, त्याच उपटून परत आणणार.

आमच्या घरामागे तेव्हा मोकळा माळ होता. रविवारी रफीक तिथे यायचा, थैलीतून तऱ्हेतऱ्हेच्या खुंट्या काढायचा आणि ठोकून बघायचा. बांबूच्या खुंट्या वजनाला छान, पण दगडाने ठोकल्या की डोक्याशी चिरायच्या. सायकलचे आरे वाकायचे. लाकडाच्या केल्या, त्या मुरमात शिरेनात. मग दापोड्याच्या एका गोदामाबाहेर पडलेल्या भंगारात त्याला खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मिळाल्या, काटकोनात वळलेल्या. त्या कापून, टोकं घासून त्याने खुंट्या केल्या. हातात घेतल्या तर कागदासारख्या. मऊ मातीत अशा बसायच्या की ओढून निघत नसत, कारण गोल सळी मातीत फिरते आणि ही घडी फिरत नाही. पण घट्ट मुरमात तीच खुंटी दगडाच्या एका घावात दुमडायची. त्यासाठी त्याने लूमच्या भंगारातली बारीक पोलादी सळी शोधली, वरून वाकवून तिला दोरीपुरता आकडा केला. म्हणजे कडक जमिनीला सळी, मऊ जमिनीला पट्टी. दोन्ही थोड्या थोड्या घ्यायच्या, जागा बघून ठरवायचं.

माझी आई मागच्या दारात तांदूळ निवडत हे सगळं बघायची. एकदा तिने विचारलंच, "कुनाची गुरं बांधाची हायत रं इथं?"

"माझीच, मावशी," रफीक म्हणाला.

"मग घट ठोक. तुला पलायची सवय हाय."

रफीक हसला आणि हसता हसता त्याला खोकला आला. तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला. आई सूप बाजूला ठेवून उठली, पाणी आणलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर तो गेल्यावर मला म्हणाली, "त्याला नको म्हनू नको डोंगराला. त्याला तेवढंच हाय." मी त्याला कधीच नको म्हटलं नव्हतं. पण आईने तसं सांगितल्यावर माझ्या मनातली धाकधूक थोडी कमी झाली, हेही खरं.

त्यानंतरची दहाएक वर्षं आम्ही दर हिवाळ्यात एकदा तरी त्या सपाटीवर जायचो. रफीकच्या पाठीवर छोटी थैली असायची, तिच्यात खुंट्या, एक चादर आणि त्याची औषधं. प्रत्येक खुंटीला त्याने लाल सुताचा फुंदा बांधला होता, गवतात हरवू नये म्हणून. निघताना त्याची अम्मी जिन्यापर्यंत यायची. आम्हाला ती काही बोलायची नाही, फक्त त्याची थैली हातात घेऊन वजन बघायची आणि परत द्यायची.

एका वर्षी आम्ही दसऱ्यानंतर लगेच गेलो. तंबू उभा राहिला, जेवणं झाली. रफीक म्हणाला, "तुम्ही दोघं वर जाऊन या. किती वर्षं झाली तुम्हाला वर जाऊन. मी बसतो इथे." आम्ही नको म्हणालो, तर तो रागावलाच. म्हणून गेलो. वर पोचलो तेव्हा ऊन होतं. आणि बघता बघता पूर्वेकडून काळं आभाळ आलं, वारा सुटला, विजा सुरू झाल्या. परतीचा पाऊस असा येईल असं वाटलं नव्हतं. आम्ही उतरायला लागलो. कड्याला लावलेली लोखंडी शिडी कशीबशी उतरलो. मला एकच दिसत होतं. तंबू उडालाय, रफीक भिजून कुठेतरी पडलाय, श्वास घेता येत नाही त्याला, आणि अम्मीला आपण काय सांगणार...

झाडीतून बाहेर आलो तर तंबू जागेवर होता. वाऱ्याने त्याचं कापड आत-बाहेर होत होतं, पण कोपरे हलत नव्हते. आजूबाजूची माती तुडवलेली दिसली. जमीन ओली होऊन सैल पडायला लागली, तशा त्याने सळ्या एकेक करून काढल्या होत्या आणि त्यांच्या जागी पट्ट्या ठोकल्या होत्या, तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलत्या. वरून दगड ठेवले होते. हे सगळं त्या पावसात, एकट्याने, थांबत थांबत. तो आत चादर गुंडाळून बसला होता. ओठ निळसर पडले होते. बोलता येत नव्हतं, म्हणून हाताने खूण केली, की थांबा जरा. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो. बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही भिजून आलात तर कोरडं कुठे बसणार होतात? म्हणून तंबू सोडला नाही." विलासने त्याचा हात धरला आणि तो सोडलाच नाही. आमच्यात असं हात धरून बसायची पद्धत नव्हती.

नंतर त्याचं लग्न झालं. नसीम भाभी रत्नागिरीकडची. ऑपरेशनचं सगळं आधी सांगितलेलं होतं, तरी ती हो म्हणाली होती. तिच्या येण्याने घर हसायला लागलं. रफीक युनूसभाईंच्या ऑफिसात बसून फोनची कामं बघायचा. पण नव्वदनंतर दुसरं फुप्फुसही कुरकुर करायला लागलं. सपाटीही लांब पडली. तो म्हणायचा, "यंदा नाही, पुढच्या वर्षी." आम्ही म्हणायचो, "पुढच्या वर्षी." शेवटची दोन वर्षं भाभीने त्याला लहान मुलासारखं जपलं. रात्रभर त्याच्याजवळ जागी असायची, हे आम्हाला युनूसभाईंकडून कळायचं. ती स्वतः कधी बोलली नाही.

इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच राहायचे, दिवस संपल्यावर सुमन आणि मी तिला भेटायला गेलो. खाली लूम चालू होते, वर बोलताना आवाज चढवावा लागत होता. चहा झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ, ते जायचे ती जागा मला बघायचीय. माझ्याने चढवेल का?"

"चढवेल, भाभी. ते चढायचे म्हणजे बघा."

युनूसभाईंनी जीप दिली. जानेवारीतला दिवस होता. विलासला दुकान सोडून येता आलं नाही, आम्ही तिघंच होतो. भाभी सावकाश चढली, सुमन तिच्याबरोबर. सपाटीवर पोचल्यावर ऊन लागू नये म्हणून मी तंबू लावायला घेतला. भाभीने रफीकची थैली आणली होती. एकेक खुंटी ती माझ्या हातात देत होती. जमीन कडक होती, मी सळ्या घेतल्या. शेवटची तिने स्वतः ठोकली, सुमनने दोरी धरली.

सावलीत बसल्यावर तिने वर सुळक्याकडे पाहिलं. "तिथे गेले होते का ते?"

"आजारपणाच्या आधी. नंतर इथवरच."

ती मान हलवत राहिली. मग जरा चाचरत म्हणाली, "एक विचारू? इथे ते झोपायचे का? घरी त्यांना कधी आडवं होता आलं नाही. उशांना टेकून बसायचे, डुलकी लागली की खोकला. मी म्हणायचे, तुम्ही डोंगरावर काय झोपत असाल. तर म्हणायचे, तिथे मला छान झोप लागते. मला वाटायचं, माझी समजूत घालतायत."

मी तिला खरं ते सांगितलं. पहिल्या खेपेला त्याला इथे झोप आली नव्हती, कारण लूमचा आवाज नव्हता. भिवंडीत लाइट गेली आणि लूम थांबले की अख्खा मोहल्ला जागा होतो, तसं त्याचं झालं होतं. पण त्यानंतर दर वेळी तो इथे आडवा झोपायचा. तंबूच्या दाराशी डोकं करून, तोंडावर वारा घेत. सकाळी ऊन अंगावर आलं तरी उठायचा नाही. आम्ही चहा करून त्याची वाट बघत बसायचो. आणि घोरायचा.

"घोरायचे?" भाभीने विचारलं.

"विलास तर बाहेर जाऊन झोपायचा."

ती हसली. ओढणीचं टोक डोळ्यांना लावून बराच वेळ हसत राहिली. सुमनने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. थोड्या वेळाने भाभीने विचारलं, "दाराशी म्हणजे कुठे?" मी जागा दाखवली. ती तिथे कुशीवर झाली, ओढणी डोक्यावरून घेतली. वारा चांगला होता. काही क्षणांतच तिला झोप लागली.

सुमन आणि मी बाहेर येऊन बसलो. डबे उघडायचे राहिले होते, जीपवाला खाली वाट बघत होता. ऊन कलायला लागलं तसं सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी नको अशी मान हलवली. आम्ही तिला उठवलं नाही.