‘खुजा’ आणि समोरचे सर

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या सरांइतका उंच माणूस मी अख्ख्या पुण्यात पाहिलेला नाही, आणि सरांची उंची चार फूट सात इंच आहे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ. ठेंगणा, बुटका, टिंगू, खुजा हे सगळे शब्द लोकांचे त्यांच्यावर वापरून झाले होते, त्यामुळे त्यांतले बारीक फरक त्यांना कोशकारांपेक्षा चांगले ठाऊक. ठेंगण्यात माया असते, बुटक्यात नुसती माहिती, टिंगूत खोडी आणि खुज्यात तुच्छता, असं ते सांगत. मंडईत एकदा भाजीवाली म्हणाली, “वांगी यंदा खुजीच आलीत.” सर तिथेच थांबले. “खुरटी म्हणा, बाई. खुजी माणसं असतात.” ती म्हणाली, “घ्यायचीत का वांगी?” बसमध्ये कंडक्टरने पाठमोरं पाहून “हाफ का?” विचारलं, तेव्हा ते वळून शांतपणे म्हणाले, “अहो, तिकीट अंतराचं असतं, उंचीचं नव्हे.” सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी कुणाला तरी ‘खुज्या मनाचा’ म्हणाले, तर सर उठून उभे राहिले. ते उभे राहिलेत हे लोकांना जरा उशिरा कळलं. “आमच्या शरीराचा शब्द तुमच्या मनांना कशाला? मनासाठी ‘कोतं’ आहे की!”

मी हसायचो. माझी मुलगी सातवीत गेली आणि हसणं थांबलं. तिची उंची आता फारशी वाढणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्गातल्या मुली तिला ‘खुजी’ म्हणू लागल्या. तिने दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि आठवडाभर शाळेचं नाव काढलं नाही. आम्ही समजावलं, रागावलो. काही उपयोग झाला नाही.

सर जाडजूड शब्दकोश घेऊन आले. “वाच,” म्हणाले. तिने वाचलं: खुजा म्हणजे ठेंगू, आणि खुजा म्हणजे निमुळत्या गळ्याचं, पाणी प्यायचं मातीचं भांडं. “बघ! तहानलेल्याला पाणी देतो तोही खुजाच.”

“पण सर,” ती म्हणाली, “त्या मला भांडं म्हणत नाहीत.”

सरांनी कोश मिटला. “खरंय. मलाही कुणी भांडं म्हणालं नाही,” ते म्हणाले. “नोकरीच्या पहिल्या दिवशी फळ्यावर सगळ्यांत वर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘खुजा मास्तर’. माझा हात पोचेना. पुसताच आलं नाही गं. तास तसाच घेतला, घरी येऊन रडलो.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी गेलो. उद्या तुझ्याबरोबर येतो.”

ते आले. महिनाभर रोज सकाळी ही जोडी फाटकातून बाहेर पडायची. पुढे एक दिवस तीच म्हणाली, “सर, उद्यापासून मी एकटी जाते.” सर हसले खरे, पण दुसऱ्या दिवशीही त्याच वेळेला कपडे करून गॅलरीत उभे होते.

मुलगी आता खराडीला नोकरी करते. सर थकलेत, शब्द त्यांना सोडून चाललेत. चष्म्यालाही ‘ते’ म्हणतात. परवा ती भेटायला गेली, तर नाव आठवेना. चेहरा मात्र उजळला. तिचा हात धरून म्हणाले, “केवढी मोठी झालीस गं!”

सातवीनंतर ती जेमतेम दोन बोटं वाढलीय.

“हो, सर,” ती म्हणाली, आणि हात न सोडवता बराच वेळ बसून राहिली.