आक्काच्या अर्जावरचा पत्ता

आक्का पाणी गाळून प्यायची आणि माणसाचं बोलणंही. निपाणीच्या आमच्या जैन घरांत पाणी फडक्यातून गाळणं नवं नाही. पण "सगळं चांगलंय" असली वाक्यं आक्काच्या फडक्यातून खाली उतरत नसत. "चांगलं म्हंजे काय चांगलं?" ती विचारायची आणि समोरचा गडबडायचा.

ही माझी थोरली बहीण. लग्न मोडून माहेरी आलेली, एका दवाखान्यात रुग्णांचा स्वैपाक करणारी. कुणाला काय सोसतं हे तिला पाठ. तरी कुणाच्या ताटात काय, ह्या कागदावर सही पदवीवाल्या मुलीची. काही वर्षांपूर्वी, पंचेचाळिशीत, ती मला, धाकट्या भावाला, कानडी हाक मारून म्हणाली, "तम्मा, घरी बसून आहारशास्त्राची डिगरी काढायची. सही माझी पायजे."

मी हरखून गेलो. आठवड्यात माहितीपत्रकांचा ढीग आणला. एकात सहा महिन्यांत पदवी होती.

"सा म्हैन्यात ऊस तरी येतो व्हय रं?" आक्का म्हणाली.

मग मला महाराष्ट्रातलं एक विद्यापीठ सापडलं. मराठीतून शिकवणारं! सीमेवरच्या माणसाला मराठी दिसलं की पुढचं दिसत नाही. त्यांचं दूरशिक्षण त्यांच्या राज्यापुरतंच होतं आणि निपाणी पडली कर्नाटकात, म्हणून मी अर्जावर महाराष्ट्रातल्या कागलच्या मामाचा पत्ता टाकला. राहायचं कोगनोळीच्या सीमानाक्याच्या अलीकडं आणि कागद करायचे पलीकडचे, ही आमची जुनी खोड.

"मामाच्या घरात माझं अंथरूण हाय व्हय? उद्या कागद तपासले तर डिगरी मामाची."

शेवटी तीच संगणकापुढं बसली. मान्यतेची सरकारी यादी बोट ठेवून वाचायची. विद्यापीठाला मान्यता आहे, पण ह्या विषयाला? दुरून शिकायला? ह्याच वर्षाला? तिन्ही जुळलेलं, देशभर चालणारं एक सापडलं तेव्हा आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. शिकवणं मात्र इंग्रजीतून. "प्रोटीन म्हन्लं म्हून डाळ बदलत न्हाय," आक्का म्हणाली.

प्रात्यक्षिकाचं केंद्र बेळगावात होतं. बारावीनंतर तिथल्याच गृहविज्ञान कॉलेजचं आक्काला बोलावणं आलं होतं. पत्र माझ्या हाती पडलं. आई अंथरुणाला खिळलेली, माझं दहावीचं वर्ष. आक्का गेली तर भाकरी कोण थापणार? मी ते पत्र बंबात घातलं आणि सत्तावीस वर्षं गप्प राहिलो. आज ती बेळगावात स्वतःच्या सहीनं रुग्णांची ताटं ठरवते, म्हणून हे लिहायचा धीर होतोय. तिला मात्र केंद्राचं नाव वाचलं त्याच सकाळी सांगितलं.

तिनं पडद्यावरच्या बेळगावच्या नावावर बोट ठेवलं.

"परात्यक्षिकाला आठ दिवस मी बेळगावात. हितं सैपाक कुनाचा?"

"माझा."

"भाकरी येती?"

"न्हाय."

"मग पीठ घे. अर्ज त्याच्यानंतर."

माझी पहिली भाकरी तव्यावरच फाटली. आक्कानं तीच ताटात घेतली, सगळी खाल्ली, हात धुतले आणि अर्ज पाठवून दिला.