घराबाहेर न जाणारा रोट

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहत असताना समोरच्या क्वार्टरमधल्या अक्का दर श्रावणात मला कानबाईचा रोट देत असत, आणि मी तो एकदाही खाल्ला नाही. दोन्ही हातांनी घेतला, "वास किती छान येतोय, अक्का," असेही म्हणालो, आणि दार लागल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून वसाहतीच्या मागे चरणाऱ्या गुरांपुढे टाकून आलो. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. पत्नीला सांगावी लागली नाही, कारण ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असे.

माझे वडील धुळ्याकडच्या एका गावात आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न आपण घ्यायचे नाही, ही त्यांची शिकवण. परंतु ते ही गोष्ट समोरच्याला हसून, तोंडावर सांगत. त्यामुळे गावात त्यांना कुणी प्रसाद देत नसे आणि त्यावरून कुणी रुसतही नसे. मी त्यांची शिकवण घेतली. ते धैर्य मात्र घेतले नाही. त्यांचा दुसरा आग्रह शुद्ध मराठीचा होता, आणि तो मी इतका पाळला की लहानपणी गल्लीत बोललेली अहिराणी माझ्या जिभेवरून पार उतरून गेली. अक्का चोपड्याकडच्या शेतकरी घरातल्या. माझे बोलणे ऐकून त्या हसत. "भाऊ, तू पुस्तकमाईन बोलस," म्हणत.

"खायचा नाही तर नाही म्हणा ना," पत्नी एकदा म्हणाली. "त्या काय मारणार आहेत तुम्हाला?"

"त्यांना वाईट वाटेल."

"आणि गुरांना घातलेला कळला, तर बरं वाटेल?"

उत्तर न देणे हा माझा फार जुना गुण आहे. लोक त्याला सौम्यपणा म्हणतात.

कानबाई ही श्रावणात घरी बसवायची देवी, नारळाला नथ आणि डोळे लावून तिला सजवतात, घरच्या गव्हाचे रोट करतात, इतके मला ठाऊक होते. त्या रोटाचा काही नियम असेल, हे विचारावेसे मला कधी वाटले नाही. पुढे माझी बदली झाली, आम्ही जळगावला राहायला आलो आणि तो प्रश्न आपोआप मिटला, असे मी समजलो.

जळगावात मला एका समितीचा कार्यवाह करण्यात आले. शहरातल्या निरनिराळ्या चर्चनी एकमेकांशी बोलावे आणि सर्वांनी मिळून इतर धर्मांच्या शेजाऱ्यांशी बोलावे, यासाठी ती समिती होती. माझी निवड का झाली, तर "हे कुणाला दुखवत नाहीत" म्हणून.

त्या समितीने माझा जो अंत पाहिला, त्याचे वर्णन करताना आजही माझा आवाज चढतो. कॅथलिक चर्चचे फादर, 'फेलोशिप' म्हणवणाऱ्या एका नव्या ख्रिस्ती गटाचे तरुण भाऊ, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक आणि मी, असे आम्ही नियमाने येणारे. देवावर सर्वांचा विश्वास होता. मतभेद फक्त बाकी सगळ्या गोष्टींवर होते. प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणावी असे ठरले, तर तिच्या पहिल्याच ओळीत 'पित्या' म्हणायचे की 'बापा', यावर एक संपूर्ण दुपार गेली. ते मिटले, तर प्रत्यक्ष प्रार्थनेत फादरांची माणसे त्यांच्या रीतीप्रमाणे आधीच 'आमेन' म्हणून थांबली आणि आमची माणसे आमच्या रीतीप्रमाणे शेवटचे वाक्य म्हणत एकटीच पुढे गेली. अर्ध्या सभागृहाने डोळे उघडले होते, अर्ध्याचे मिटलेले होते. दर वर्षी हे असेच घडते, आणि दर वर्षी सर्वांना आश्चर्य वाटते.

मग प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर वाटून घेण्याच्या विधीचा, प्रश्न. फादर आपल्या वेदीवरची भाकर आम्हाला देऊ शकत नव्हते. तसा त्यांच्या चर्चचा नियम होता. आमच्या मंडळीत ते आले तर ते घेऊ शकत नव्हते. फेलोशिपच्या भाऊंना दोन्हींकडची पद्धत शास्त्राला धरून वाटत नव्हती. मी हात जोडून म्हणायचो, "अहो, भाकर एक आहे!" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले की मुख्याध्यापक मला "भाकरवाले" म्हणू लागले.

सद्भाव मेळाव्याच्या उद्घाटनाला समई लावायची म्हटल्यावर फेलोशिपचे भाऊ उठून उभे राहिले. "दिवा मी लावणार नाही."

"मेणबत्ती?" फादरांनी विचारले.

"तीही नाही."

"आमच्या गल्लीत लाइट गेली की आम्ही मेणबत्ती लावतो," मुख्याध्यापक म्हणाले. "त्यात धर्म शिरतो हे आज कळलं. इतकी वर्षं फुकट पुण्य मिळत होतं की काय!"

शेवटी रोपाला पाणी घालून उद्घाटन करायचे ठरले. मी सुटलो असे मला वाटले. प्रत्यक्षात कुणीतरी नर्सरीतून तुळशीचे रोप उचलून आणले, आणि भाऊंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"कडुलिंब आणा, भाकरवाले," मुख्याध्यापक माझ्या कानात म्हणाले. "त्याच्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही."

मी त्या दुपारी उन्हात कडुलिंबाचे रोप शोधत हिंडलो. एवढ्या क्षुल्लक गोष्टींवर अडून बसणाऱ्या माणसांचा मला मनस्वी संताप येत होता. आणि तो संताप मला फार आवडतही होता, हे आता कबूल करायला हवे. त्या सर्वांच्या मधोमध आपण तेवढे मोकळ्या मनाचे आहोत, अशी त्यात एक सुखद भावना होती.

गेल्या आषाढात आम्ही भाषणे बंद करून सहभोजन ठेवले. ज्याने त्याने आपल्या घरचे अन्न आणायचे आणि एका पंगतीत बसायचे. हिंदू शेजाऱ्यांकडून कुणाला बोलवावे, हा प्रश्न आला. ज्यांना विचारले त्या सर्वांना भाषण करायचे होते. तेव्हा मला अक्का आठवल्या. यजमान गेल्यानंतर त्या जळगावात मुलाकडे राहायला आल्या होत्या. अधूनमधून भेटी होत. त्या म्हणाल्या, "भाषन नही ना करनं? मंग येसू."

त्या खापरावरचे मांडे घेऊन आल्या. एवढी मोठी, कागदासारखी पातळ पुरणपोळी पाहून फादरांनी चष्मा पुसला. पंगत बसली. अक्का स्वतः वाढत होत्या. फेलोशिपच्या भाऊंपुढे त्या वाकल्या, तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"अक्का, हे देवाला दाखवलंय का?"

"दखाडं ना भाऊ. देवले दखाडाबिगर कशी आनू?"

"मग मला क्षमा करा. मी खाणार नाही. तुमच्याबद्दल मनात काही नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांच्याकडे झुकून, आवाज न चढवता म्हणालो, "निदान पानात घ्यायचं होतं, भाऊ. बाजूला ठेवलं असतं तरी चाललं असतं. माणसाचं मन मोडू नये." पलीकडे बसलेल्या पत्नीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी नजर वळवली.

अक्का मात्र हसत होत्या. "नको खाऊ ना. त्यामा काय? उद्या घर ये. पुरन झालं की देवले दखाडाना पहिले तुले वाढसू. मंग तं चाली ना?"

भाऊ गडबडले. मग तेही हसले. "चालेल, अक्का. नक्की येतो."

ज्या प्रश्नावर समितीची एक संपूर्ण बैठक खर्ची पडली असती, तो तिथे उभ्या उभ्या संपला. आणि ते दोघेही मोकळे झाले, हे मला जरा खुपलेच.

तेवढ्यात अक्का माझ्याकडे वळून पंगतीला म्हणाल्या, "पन हाऊ मना भाऊ तसा नही. यानी मना कानबाईना रोट खायेल शे."

मुख्याध्यापकांचा घास हातातच राहिला. "रोट? कानबाईचा? अक्का, माझा शेजारी तीस-चाळीस वर्षांपासूनचा दोस्त आहे. ईदला आमचा शीरखुर्मा वाटी चाटून खातो. मी एकदा रोट मागितला तर म्हणाला, सर, तेवढं सोडून काहीही मागा. तो घराबाहेर जात नाही."

"जातच नही," अक्का म्हणाल्या. "भाऊबंदच खातंस. मनी पोर सासरी गयी, तिलेबी आम्ही देतस नही."

"मग यांना कसा दिला?"

तेव्हा अक्कांनी जे सांगितले, ते मी प्रथमच ऐकत होतो. त्यांना भाऊ नव्हता. वडील वारले तेव्हा गावी तिरडीला खांदा द्यायला घरचा माणूस कमी पडला. मी स्कूटरवर त्यांना गावी सोडायला गेलो होतो. एक जागा रिकामी दिसली म्हणून मी पुढे झालो होतो. त्यापलीकडे त्या दिवसातले मला काही आठवतही नाही. "मना बापले यानी खांदा दिधा," अक्का म्हणाल्या. "मंग हाऊ भाऊबंद नही तं कोन?"

त्यावरून त्यांच्या घरात वादळ झाले होते. थोरली जाऊ म्हणाली, किरिस्तावाला रोट दिला, तो काय खाणार आहे? फेकून देईल. अक्कांनी तिला सांगितले, माझा भाऊ आहे, तो फेकणार नाही. शब्दाने शब्द वाढला आणि दोन घरांची कानबाई वेगळी झाली. इतकी वर्षे दोघी जावा वेगवेगळे रोट करीत आल्या. "औंदा जेठानी येवाले तयार शे," अक्का मला म्हणाल्या. "तू ये. तिन्हा समोर बस."

पंगतीने टाळ्या वाजवल्या. फादरांचे डोळे भरून आले. "आम्ही एका वेदीवर एकमेकांना भाकर देऊ शकत नाही," ते म्हणाले, "आणि इथे हे घडून गेलंय! कार्यवाह, या वर्षीच्या ऐक्य-उपासनेत तुम्ही ही साक्ष द्यायची."

साक्ष. मंडळीपुढे उभे राहून आपल्या आयुष्यात घडलेले खरे ते सांगणे; तो शब्द मी वडिलांच्या मांडीवर शिकलो होतो. मी मान खाली घालून मांडा खाऊ लागलो. देवाला दाखवलेले अन्न मी आयुष्यात प्रथमच खात होतो, तेही केवळ सर्वजण बघत होते म्हणून.

"देणार साक्ष?" घरी आल्यावर पत्नीने विचारले.

मी तिला माझी अडचण समजावून सांगितली. खरे बोललो तर अक्का तोंडघशी पडतील. ज्या गोष्टीसाठी त्यांनी भाऊबंदांशी नाते तोडून घेतले ती खोटी ठरेल. जाऊ खरी ठरेल. जुळत आलेले पुन्हा मोडेल. गप्प राहण्यातच त्यांचे हित आहे. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमच्या गप्प बसण्याला नेहमी दुसऱ्याचंच हित कसं सापडतं हो?" आणि ती दळण घेऊन निघून गेली.

त्यानंतरचे दिवस मी स्वतःवर चिडून काढले. समितीत बसलो की फेलोशिपच्या भाऊंकडे पाहवेना. ते दुसऱ्याच दिवशी अक्कांकडे जाऊन, देवाच्या आधी पुरणपोळी खाऊन आले होते आणि सर्वांना कौतुकाने सांगत होते. ज्या माणसाच्या ताठरपणावर मी इतका वैतागलो होतो, त्याने माझ्यासारखे कुणाला फसवले नव्हते. फादरांनीही आपला नियम कधी लपवला नव्हता. आमच्या समितीतली सगळी भांडणे उघड्यावर होती. झाकलेले होते ते फक्त कार्यवाहाचे.

कानबाईच्या रविवारी आम्ही दोघे अक्कांच्या मुलाच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत पाटावर कानबाई बसली होती, खालच्या अंगणात मुली फुगड्या घालत होत्या. भाऊबंद भिंतीला टेकून ओळीने बसले होते. अक्कांनी माझे पान त्या ओळीतच मांडले. समोर थोरली जाऊ, पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली. पानात रोट आला. खीर आली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आली. सर्वांचे हात थांबले, कारण जाऊबाईंनी पानाला हात लावला नव्हता.

"काय भाऊ," त्या म्हणाल्या, "तवय खादा व्हता का तू? खरं सांग. कानबाई बठेल शे समोर."

"खादाच व्हता," अक्का वाढता वाढता म्हणाल्या. "इचारस काय त्याले?"

त्यांच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. तोच आवाज इतकी वर्षे माझ्या बाजूने भांडत आला होता. मी शुद्ध मराठीत एक वाक्य जुळवू लागलो. 'गैरसमज', 'परिस्थिती', 'संकोच' असे शब्द मनात येऊ लागले, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाआड लपायला जागा होती. मी उठून उभा राहिलो. पत्नीने हातातली वाटी खाली ठेवली. माझ्या तोंडून जे निघाले ते गल्लीतल्या, वडिलांनी सोडायला लावलेल्या बोलीत निघाले.

"अक्का, मी तुना रोट खादा नही. एकबी साल खादा नही. ढोरस्ले टाकी दिधा. जेठानी खरं बोलनी व्हती. तू माले भाऊ म्हनी, आनि मी तुले तोंडवर 'नही' म्हनाले घाबरनू. चूक मनी शे, तुनी नही. माले माफ कर, अक्का."