पश्चिमेच्या भिंतीच्या विटा

फोटोत माझ्या कागदांवर वीट कशाला ठेवली आहे, असं तुम्ही पत्रात विचारलंत. क्रमाने सांगते.

कंग्राळीला आमची वीटभट्टी होती. ती आप्पा, म्हणजे माझे वडील, चालवत. मी बेळगावच्या कॅम्पात मुलींच्या इंग्रजी शाळेत जात असे. विहिरीपाशी घसरून पडल्यापासून आईचं कमरेखालचं अंग हलत नव्हतं. ती पश्चिमेच्या खोलीत पडून असे. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथल्या भिंतीला हात लावला तर चटका बसे.

विटेच्या मातीत मूठ-मूठ भाताचं तूस घालायची आमच्याकडे पद्धतच होती. त्याने कच्ची वीट वाळताना तडकत नाही. भट्टीत ते जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक भोकं उरतात. कोंडलेल्या हवेतून उष्णता सावकाश जाते, हे मी शाळेत शिकले होते. मग तूस वाढवलं तर? आप्पांनी करून बघितलं. पहिल्या वेळी निम्मं तूस घातलं, तर वीट हातात शिळ्या भाकरीसारखी चुरली. तिसऱ्या खेपेला चार पाट्या मातीला एक पाटी तूस घातलं आणि ते जमलं.

तपासायला मी निखाऱ्यांवर तवा ठेवला. तव्यावर एक नेहमीची आणि एक तुसाची वीट ठेवली आणि दोन्हींवर लोण्याचा एकेक गोळा. चिखल तुडवणारी आक्का हसली. "शिकून शिकून पोरगी विटंला लोणी चारतीया. उद्या भट्टीला ताक पाजंल."

नेहमीच्या विटेवरचं लोणी वितळून ओघळलं, तरी तुसाच्या विटेवरचा गोळा तसाच होता. आप्पांनी तो गोळा बोटाने दाबून बघितला. "ही पयली भट्टी तुज्या आईच्या भिंतीला," ते म्हणाले.

भिंतीला बाहेरून या विटांचा जोड द्यायचं ठरलं. गड्याने पायासाठी चर खणला. आई खाटेवरून खिडकीतून ते काम बघत असे.

भट्टी उघडायच्या दिवशी नारळ फोडला. पहिली वीट विकायची नाही, घरात ठेवायची, असा आमचा रिवाज होता. तेवढ्यात कॅम्पातला एक गोरा साहेब टांग्यातून उतरला. त्याला बंगल्याला मुलांची खोली जोडायची होती. आप्पांनी मला घरातून बोलावून घेतलं.

"साहेबास्नी सांग की गं. लोणी कसं ऱ्हायलं, समदं सांग."

आप्पांना लेकीचं कौतुक करायचं आहे, असं मला वाटलं. मी निखाऱ्यांवर तवा ठेवला, विटांवर लोणी ठेवलं आणि शाळेतल्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. साहेबाने विचारलं, किती मिळतील? मी आप्पांना विचारलं.

"समद्या."

मी आप्पांकडे बघितलं.

"सांग की," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले.

"ऑल," मी म्हणाले.

गाड्या कॅम्पाकडे गेल्या. आप्पांनी पहिली वीट माझ्या हातात दिली. फोटोतली ती हीच. "पुडच्या भट्टीला घालू भिंत." पुढची भट्टीही साहेबाच्या शेजाऱ्याने नेली. मग पाऊस लागला आणि चरात पाणी साचलं.

मी आईजवळ रडले, तेव्हा ती म्हणाली, "मलाच इचारलंतं त्यांनी. मी व्हय म्हटलं."

ते खरं असेल, तर विटा जाणार हे मला बोलावण्याआधी दोघांनाही ठाऊक होतं. खोटं असेल, तर ती माझ्यासमोर आप्पांना पाठीशी घालत होती. मी तिला पुन्हा विचारलं नाही. तिने वीट उशाशी ठेवायला लावली. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी ती विटेवर तळहात ठेवून पडून असे. "गार हाय की गं," म्हणे. मागे भिंत तापलेली असे.

आप्पांसमोर मी त्यानंतर इंग्रजीचा एक शब्दही बोलले नाही. कॅम्पातून इंग्रजी चिठ्ठी आली की ते ती माझ्यापुढे धरत. मी नको म्हणून मान हलवली, की ते डोक्याला पटका बांधत आणि वाचून घ्यायला पायी बेळगावला जात.