स्क्रिप्टमधली चोरटी ओळ

रक्त तपासणी केंद्रात त्यांना सगळे शंकासुर म्हणत, तेही तोंडावर. घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस! बायको म्हणायची, "अहो, दार आहे ते, पळून नाही जाणार."

पण कामाला वाघ. टायपिस्ट म्हणून लागलेल्या या गृहस्थाने पन्नाशीत स्वतःच शिकून दोन स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाकडून आपोआप काम करून घेणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिल्या. एक आलेले ईमेल निवडायची: डॉक्टरांचे इकडे, भंगार तिकडे. दुसरी रुग्णांच्या रिपोर्टना पासवर्डचं कुलूप घालून मगच बाहेर धाडायची. तीन तासांचं काम दहा मिनिटांवर आलं.

मग त्यांच्याच विभागात नव्या बाई आल्या. गोड बोलायच्या. एवढं गोड बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी असणारच, नाही का? त्यातून त्या दोनदा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दार लावून बसल्या. झालं! आपली खुर्ची गेली, निवृत्तीला दोन वर्षं असताना गेली, हे यांनी ठरवूनच टाकलं. आणि पहिल्या स्क्रिप्टमध्ये गुपचूप एक ओळ घातली: केंद्रातल्या कुणाच्याही ईमेलमध्ये आपलं नाव आलं, की त्याची प्रत आपल्याकडे.

महिना गेला. एकही प्रत नाही. "मेल्यांनो, शिव्या तरी द्या!" ते मनात चरफडले.

मंगळवारी दुपारी एक आली. बाईंनी यांचं नाव घेऊन मोठ्या डॉक्टरांना लिहिलं होतं: 'रिपोर्टच्या कुलपाची किल्ली बाहेरच्या कंपनीला देऊ नका, यांच्याकडेच राहू द्या. सगळ्यांची पत्रं यांच्या हाताखालून जातात, पण हे कधी कुणाच्या पत्रात डोकावत नाहीत.'

कान तापले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बाईंना कळलंय, टोमणा मारताहेत, हेच आधी मनात आलं. काचेतून पाहिलं, तर बाई मान खाली घालून बाटल्यांना लेबलं लावत होत्या. मग मात्र त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. "किल्ली तुमच्याकडेच ठेवायची ठरलंय. बाईंनी फार भरवशाने सांगितलं."

"साहेब, आधी माझं ऐका," म्हणत त्यांनी सगळं ओकून टाकलं.

बाईंनी हळूच विचारलं, "माझं काय काय वाचलंत?"

"आजचं एकच पत्र. देवाशपथ."

ते अगदी खरं होतं. बाईंना काही ते पटलं नाही.