दातवाल्या मावशीची इंजिनं

माझी मावशी एकतीस वर्षं एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टर दाढ कोरत, आणि मावशी शेजारी उभी राहून हवं ते हत्यार त्यांनी मागायच्या आत पुढे करी. जाताना पेशंट आभार मानत ते डॉक्टरांचे. मावशीला त्याचं काही वाटत नसे. निदान ती तसं सांगे. लग्न तिनं केलं नाही. "दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघायची, वर घरी आणखी एक तोंड कशाला?" म्हणायची.

निवृत्त झाल्यावर ती दुपारची घरी असू लागली आणि खालच्या मजल्यावरचा आवाज तिला पहिल्यांदाच ऐकू आला. घरघर, घरघर, टक्. पुन्हा घरघर, घरघर, टक्. आठ दिवस तिनं सोसलं. नवव्या दिवशी तरातरा जिना उतरली.

खाली भूगोलाचे एक निवृत्त सर राहत. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल, त्यावर रूळ, बोगदा, वीतभर स्टेशन, आणि लंगडत चाललेलं तळहाताएवढं हिरवं इंजिन.

"त्रास होतो का आवाजाचा?" सर ओशाळले. "चाळीस वर्षांचं आहे हो. म्हातारपण, दुसरं काय!"

मावशी गेली होती भांडायला. पण तिनं वाकून कान लावला. "म्हातारपण नाही हे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच टक् होतंय. आतल्या चक्राचा दात मोडलाय."

सर इंजिन उघडू देईनात. उघडायचं काम त्यांच्या बायकोचं असे. हे आपले नुसतं तेल घालत. मावशीनं इंजिन उलटं धरलं तर बोटांवरून तेल मनगटापर्यंत ओघळलं.

"सर, तुम्ही हे चालवताय की तळताय?"

सर हसले, तिथंच अर्धी लढाई जिंकली. मावशीनं वरून दवाखान्यातले जुने चिमटे आणि दांडीचा छोटा आरसा आणला. वंगण मेणासारखं घट्ट झालं होतं, ते खरवडलं. स्पिरिटच्या कापसानं चाकं पुसली. मागच्या आसाला काहीतरी गुंडाळलेलं होतं, ते हळूहळू ओढून काढलं. लांब केस होता, अर्धा काळा, अर्धा पांढरा.

"हिचा आहे," सर म्हणाले. "गाडी सुटताना अगदी रुळाला नाक लावून बघायची."

मावशीनं केस कागदावर ठेवला आणि पुसून झालेली चाकं उगाचच पुन्हा पुसत बसली. सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

इंजिन आता पळू लागलं, पण टक् काही जाईना. चक्राचा एक दात खरंच नव्हता. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, तसं चक्र कुठं मिळेना. सर म्हणाले, "जाऊ द्या." मावशीला मात्र चैन पडेना. ती चक्र घेऊन तिच्या ओळखीच्या, कवळ्या बनवणाऱ्या कारागिराकडे गेली. दोघांनी मोडलेल्या जागी मेणाचा दात घडवला, चक्राचा साचा घेतला आणि कवळीच्याच मसाल्यात नवं चक्र ओतलं.

ते बसवलं, तर इंजिन जागच्या जागी थरथरलं आणि थांबलं. मसाला सुकताना आक्रसला होता. दातात दात अडकतच नव्हते.

"राहू द्या आता," सर म्हणाले.

"राहू द्या काय? कवळीसुद्धा पहिल्या फटक्यात कुणाला बसत नाही!"

दुसऱ्या खेपेला साचा घेण्याआधी आक्रसण्याची भरपाई म्हणून तिनं प्रत्येक दाताला मेणाचा पातळ थर दिला. या वेळी इंजिन निघालं, बोगद्यातून बाहेर पडलं, स्टेशन ओलांडलं, दुसरा फेरा झाला, तिसरा झाला. टक् नाही.

सरांनी इंजिन थांबवलं. मग म्हणाले, "हे तुम्ही केलंत."

"ओतलं त्या कारागिरानं—"

"डोकं कुणाचं? हात कुणाचे? तुम्ही केलंत."

संध्याकाळी तिनं मला फोन केला आणि हे एवढंच वाक्य तीनदा सांगितलं.

मग गोष्ट षट्कर्णी झाली. लोक बुटांच्या खोक्यांत जुनी इंजिनं घेऊन सरांकडे येऊ लागले. मावशी पेशंटसारखी चौकशी करते: कधीपासून थांबतं? सुरुवातीलाच की तापल्यावर? निम्म्यांची तर फक्त चाकं मळलेली असतात. त्यांना ती कापूस हातात देऊन तिथंच कामाला लावते. शेजारीपाजारी दोघांबद्दल काय काय बोलतात, पण ते ऐकायला दोघांनाही फुरसत नाही.

गेल्या महिन्यात मात्र एका इंजिनानं तिला हरवलं. मोटार आतून पार जळालेली. तिनं ते पुसून लखलखीत केलं आणि परत दिलं. "याला आता कपाटात मानानं बसू द्या," म्हणाली. नंतर दोन दिवस सगळ्यांवर चिडचिड करत होती, माझ्यावरसुद्धा. तिसऱ्या दिवशी आम्ही चहा घेत असताना सर धापा टाकत वर आले.

"खाली एक बाई आल्यात. इंजिन फक्त मागेच जातं म्हणतात, पुढे जायचं नावच घेत नाही."

मावशीनं चहा अर्धाच ठेवला आणि चपला शोधू लागली.